अमावस्येचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे, आणि जन्माची भित्री आहे. हसू नका. भंगारवाला येऊन तुमच्या टायरवर लाथ मारून गेला असता, तर भीती कशाला म्हणतात ते तुम्हालाही कळलं असतं.

कारखान्यातून निघाले ती थेट सोलापूरला, सिद्धाप्पांच्या दारात आले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांवर विणलेल्या टॉवेलांचे गठ्ठे माझ्या पाठीवर चढत आणि मी ते बाजारात पोचवी. सिद्धाप्पा येईल-जाईल त्याला सांगायचे, "पोटच्या पोरीवानी हाय ही." ते काही खोटं नव्हतं. दर अमावस्येला ते मला न्हाऊ घालत. आधी चाकं, मग हौदा, आणि शेवटी बोनेट उघडून जोराच्या पाइपनं इंजिनसुद्धा लख्ख. मग भस्माचे पट्टे, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. त्यांची बायको दाक्षायणी मला ओवाळायची. बाई गं, काय ऐट असायची तेव्हा माझी!

पण गेल्या वर्षी छातीत काहीतरी बिनसलं. माझ्या चार सिलिंडरांपैकी एक मध्येच गप्प बसू लागला. मी आचके द्यायचे, खोकायचे. गाडी मिसिंग मारतीय, असं लोक म्हणत. चार दिवसांनी आपोआप बरं वाटे, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

मग तो पुलाचा चढ आला. पाठीवर गठ्ठे, पुढे सिद्धाप्पा आणि दाक्षायणी. अर्ध्या चढावर मला एकामागून एक आचके बसले आणि इंजिन बंदच पडलं. ब्रेक दगडासारखा घट्ट झाला, दाबला जाईना, हँडब्रेकची झिजलेली तार धरेना आणि मी मागे घसरू लागले. मागे मालट्रक हॉर्न वाजवत होता. या दोघांना मी आता मारते, एवढंच मला कळत होतं. दाक्षायणीनं दार उघडून उडी टाकली आणि कडेचा दगड ओढून माझ्या चाकाखाली सारला. मी थांबले तेव्हा ट्रक हातभर अंतरावर होता.

सिद्धाप्पांनी मात्र धसका घेतला. गाडीला नजर लागली म्हणून त्यांनी मला पुन्हा धुतलं, इंजिनासकट, आणि जास्तीची लिंबं उतरवली. दुसऱ्या दिवशी मी दारातून हलेना. मग ते माझ्याकडे बघेनासेच झाले. जीवावर उठलेली गाडी दारात नको, असं म्हणून त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो कट्ट्यावर बसून माझं कुठलं अंग आधी कापायचं ते न्याहाळत होता. माझ्या पत्र्यापत्र्यात थरकाप भरला. मला बोलता येत नाही हो, मित्रांनो. नाहीतर गळा काढून रडले असते.

तेवढ्यात दाक्षायणी पुढे आली. पूजेबद्दल बोलायचं होतं, म्हणून तीही भीतभीतच बोलली.

"अवो, रागावू नका. मी कवाची बघतीय. पूजा झाली की दुसऱ्याच दिवशी ही खोकती. देव कशाला कोपंल? तुमी इंजिनात पाणी मारताय, ते कुटं जातंय बघा की."

सिद्धाप्पांनी बोनेट उघडून आत डोकावलं. मग त्यांनी भीमा मिस्त्रीला हाक मारली.

भीमानं मला खोकत खोकतच चालू केलं आणि एकेका सिलिंडरची वायर काढून लावून बघितली. पहिली काढली तशी मी जास्तच थरथरले. दुसरीलाही तसंच. तिसरी काढली तर काहीच फरक नाही! तो सिलिंडर आधीच मेल्यासारखा होता. भंगारवाला उठून उभा राहिला. भीमानं इंजिन बंद करून तिथली, प्लगला ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल उपसली. खाली प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं, प्लग गंजलेला, कॉइलचं रबर जुनं होऊन चिरलेलं. खात्रीसाठी त्यानं ती कॉइल पहिल्या सिलिंडरला लावली, तर आता पहिलाही गप्प. म्हणजे पाणी शिरून कॉइलच गेलेली. "अण्णा, नजर न्हाय, पाणी हाय," तो म्हणाला.

खड्डा हवेनं सुकवला, नवी कॉइल, नवा प्लग बसवला, हँडब्रेकची तारही बदलली. भंगारवाला चहा पिऊन गेला.

मित्रांनो, जीव लावा, जरूर लावा. पण ज्याला लावता, त्याला काय सोसतं ते आधी बघा.

पुढच्या अमावस्येला सिद्धाप्पांनी पुन्हा पाइप सोडला. पाण्याचा आवाज आला आणि मला धस्स झालं. सवयीनं त्यांचा हात बोनेटकडे गेला. बोनेट उघडलं. मग ते थबकले, पाइप खाली ठेवला आणि खांद्यावरच्या कोरड्या टॉवेलनं माझं इंजिन हळूहळू पुसू लागले.

"सोसतंय न्हवं तुला?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं.