मागच्या खोलीतला तास

नव्या शाळेत बदलून आल्यावर इतिहासाच्या बाईंच्या वाट्याला मागची खोली आली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती. कुणी म्हणे ओल आहे, कुणी म्हणे आवाज घुमतो, आणि सांगताना जो तो नजर चुकवी. बाईंनी फारसं मनावर घेतलं नाही. आदिमानवापासून आजपर्यंतचं सगळं जग त्यांना एका वर्षात उरकायचं होतं. "माकडापासून मोबाइलपर्यंत," असं त्या पोरांना हसत सांगायच्या. त्या घाईत खोलीचे नखरे कोण बघत बसणार?

तरी पहिल्या दिवसापासून एक गोष्ट त्यांना खटकत होती. फळ्याकडे तोंड करून लिहायला लागलं की पाठीमागे कुणीतरी एक जास्तीचं बसलंय असं वाटायचं. वळून बघावं, तर बाकांवर तीच ओळखीची डोकी. मानेवरून गार वारा गेल्यासारखं व्हायचं, आणि मग त्या उगाच मोठ्या आवाजात शिकवायला लागायच्या.

गुहेतल्या चित्रांचा धडा आला तेव्हा बाईंनी हौसेनं खिडक्या लावून घेतल्या, दिवा मालवला आणि टॉर्च पेटवला.

"हजारो वर्षांपूर्वी एका माणसानं भिंतीवर हात टेकला आणि भोवती रंग फुंकला. त्याला लिहिता येत नव्हतं. पण मी इथं होतो, एवढं त्याला सांगायचं असेल. आता डोळे मिटा आणि तुम्हीही भिंतीला हात लावा बघू."

पोरं धक्काबुक्की करत भिंतीला भिडली. त्यांच्यात एक किरकोळ अंगाची, बारीक आवाजाची मुलगी होती. वर्ग तिला चिमणी म्हणायचा. ती कोपऱ्यातून म्हणाली, "बाई, इथं आधीच एक हात आहे."

सगळे खो खो हसले. चिमणी हसली नाही. बाई तिच्याजवळ गेल्या आणि तिनं दाखवलं तिथं बोटं फिरवली. रंगाच्या थरांखाली एक खाच लागत होती. तळव्याची कड, मग अंगठा, मग एकेक बोट. भिंतीवर हात ठेवून कुणीतरी भोवतीनं खिळ्यासारख्या कशानं तरी कोरलं होतं. शेजारी आणखी एक हात होता. त्याच्या खाली आणखी एक. काही तर इतके खाली होते, की कोरणारा जमिनीवर पडूनच असणार. बाईंनी खिडक्या उघडल्या आणि तास अर्ध्यावरच सोडला.

बाईंनी विचारल्यावर मुख्याध्यापिकांनी आधी उडवाउडवी केली, मग आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं. "बंदीच्या वर्षांत शाळा बंदच होती. सरकारविरुद्ध बोलले म्हणून पकडून आणलेली माणसं ठेवायचे तिथं. पुढं ती कुठं गेली, कुणाला माहीत? आता ते कशाला उकरायचं? तुम्ही आपलं पुस्तकातलं शिकवा. सुट्टीत भिंत घासून प्लास्टर करून टाकू."

"प्लास्टर नको," बाई म्हणाल्या.

"का? तुमचं काय अडलंय त्यात?"

"माझे थोरले दीर त्याच वर्षांत घरातून गेले. ते परत आलेच नाहीत."

प्लास्टरचा विषय मुख्याध्यापिकांनी पुन्हा काढला नाही.

बाईंनी ही गोष्ट घरी फक्त नवऱ्याच्या कानावर घातली. तो म्हणाला, "आईला सांगू नकोस. खपली निघेल." पण सासूबाईंचे कान तिखट. दुसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मला त्या खोलीत घेऊन चल."

"आई, तो तिथंच होता असं काही नाही. अशा जागा खूप होत्या," नवरा म्हणाला.

"म्हणून तर. एक तरी बघू दे."

त्यांच्या मोठ्या मुलाची डाव्या हाताची करंगळी लहानपणी झोपाळ्यावरून पडून मोडली होती आणि वाकडीच जुळली होती. रविवारी, शाळा रिकामी असताना, सासूबाईंनी सगळी भिंत चाचपली. आधी उभ्यानं, मग बसून, शेवटी गुडघ्यांवर सरकत. प्रत्येक हाताच्या करंगळीशी त्यांचं बोट थांबायचं. बाई दाराशी उभ्या होत्या, आणि करंगळी सापडावी की सापडू नये, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"नाही," सासूबाई अखेर म्हणाल्या. "ह्यात माझा नाही." पदरानं हात पुसता पुसता त्या थांबल्या. "पण ह्या बाकीच्यांना कुणी बघायला आलं होतं का गं?"

त्यानंतर त्या वर्गातच येऊन बसायला लागल्या. मुख्याध्यापिकांनी कानाडोळा केला. पोरांनी त्यांना शेवटच्या बाकावर चिमणीशेजारी जागा करून दिली. म्हातारीनं अख्खं जग ऐकलं. शेती, नगरं, साम्राज्यं, समुद्रापलीकडच्या लूटमारी. "ह्या राजाला घरी काही कामधंदा नव्हता का?" असं त्या मोठ्यानं विचारायच्या आणि वर्गात खसखस पिकायची. महायुद्धांचे आकडे आले तेव्हा मात्र त्या गप्प झाल्या. फळ्यावरची शून्यं लिहिताना बाईंच्या हातातला खडू दर वेळी मोडायचा. पाठीवरची ती नजर आता त्यांना रोज जाणवत होती.

वर्ष संपत आलं आणि शेवटचा धडा उघडला, 'आजचं जग'. त्यात आपल्या देशाबद्दल एवढंच होतं, की काही काळ अशांतता होती, नंतर प्रगती झाली. बाईंनी पुस्तक मिटलं. ह्या खोलीबद्दल जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, आणि काय काय माहीत नाही तेही सांगितलं.

मग चिमणीचा हात वर झाला. "बाई, ह्या खोलीला बाहेरून कडी कोण लावायचं?"

"पहाऱ्यावरचे लोक असतील, बाळा."

"माझे आजोबा होते," चिमणी म्हणाली. "पहाऱ्यावर. आईनं कुणाला सांगायचं नाही म्हटलंय."

सासूबाई चिमणीला अगदी खेटून बसल्या होत्या. त्या दूर सरकल्या नाहीत. तिच्याकडे बघून म्हणाल्या, "आजोबांना म्हणावं, एक म्हातारी भेटायला बोलावतेय. भांडायला नाही."

तो येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण एका दुपारी शाळा सुटल्यावर काठी टेकत एक वाळका, ताठ म्हातारा व्हरांड्यातून आला आणि दाराशी थांबला.

"आत या," बाई म्हणाल्या.

"नको. मी आत कधी गेलोच नाही. आत जायचा हुकूमच नव्हता. मी बाहेरच असायचो."

सासूबाई उठून दारापर्यंत गेल्या. "माझा मुलगा शोधतेय. उंच होता, सावळा. कपाळ मोठं होतं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "मी तोंडं नाही पाहिली कुणाची. हे दार नवीन आहे. जुन्याला खाली फट होती, तिथून थाळी सरकवायची. आतून हात यायचा. मी नुसते हात बघितलेत, बाई."

बाईंनी बाकाची कड घट्ट धरली. सासूबाईंचा आवाज मात्र स्थिर होता. "डाव्या हाताची करंगळी वाकडी होती त्याची."

म्हातारा स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. व्हरांड्यात कुठंतरी एक खिडकी वाऱ्यानं आपटत होती.

"होता," तो म्हणाला. "थाळी घेतली की दारावर दोनदा टकटक करायचा. मिळाली म्हणून. दुसरं कुणी करायचं नाही तसं. मीही मग एकदा उलट वाजवलं होतं, आसपास कुणी नाही बघून." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "मग एके दिवशी थाळी सरकवली, तर दुसराच हात आला."

"थंडी होती का तेव्हा?"

"होती. कडाक्याची होती."

सासूबाईंनी मान डोलावली. इतकी वर्षं त्यांच्याजवळ नुसतं 'गेला' एवढंच होतं. कुठं नाही, केव्हा नाही. त्या रडल्या नाहीत. हळूच खाली बसल्या, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला. म्हाताऱ्यालाही बहुधा उभं राहवेना. काठी भिंतीला लावून तोही बसला, बाहेरच्या अंगाला.

"आणखी कुणाचे हात आठवतात?" सासूबाईंनी विचारलं.

तो सांगू लागला. एकाच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. एकाच्या बोटांना शाई लागलेली असायची, ती पुढं पुढं फिकी होत गेली. एक हात तर अगदी पोरसवदा होता. बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या आणि एकही शब्द निसटू नये म्हणून जीव कानांत आणून ऐकत राहिल्या.