पाठमोरी

दर रविवारी भगवानराव सकाळच्या एसटीने नांदेडहून लातूरला येत आणि गफूरभाईच्या दुकानात स्टुलावर बसून एका परक्या बाईचा चेहरा काढत. कुण्या जुन्या डच चित्रकाराने रंगवलेली ही पांढऱ्या टोपातली बाई शाळेच्या बाद झालेल्या पुस्तकात होती. ग्रंथपाल म्हणून निवृत्त होताना त्यांनी तेवढं एकच पान मागून घेतलं होतं.

गफूरभाई शिकवणीवाल्यांच्या पाट्यांवर गुणवंतांचे चेहरे रंगवी. निकालाच्या दिवसांत त्याला मान वर करायला सवड नसे.

"गुरुजी, आधी नक्कल. ती जमली की मग तुमचं," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. पानावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच कॅनव्हासवर, आणि एका चौकटीत दिसेल तेवढंच उतरवायचं. "नाक काढायलो म्हणायचं न्हाई. सावली काढायलो म्हणायचं."

"आणि तेल कसलं हे?"

"जवसाचं. चटणी खाता न्हव? तेच."

भगवानरावांना काढायची होती रुक्मिणबाई, त्यांची बायको. भूकंपाच्या पहाटे ती घरी, किल्लारीकडच्या गावात होती, ते नोकरीच्या गावी, लोह्याला, खोलीवर. ती गेली, आणि लग्नातला एकुलता फोटोही भिंतीबरोबर गेला. त्याला आता सात वर्षं झाली होती. तिचा चेहरा आठवणीतून पुसट होत चालला होता. पुरता जायच्या आत त्यांना तो कॅनव्हासवर हवा होता.

दहा महिन्यांनी नक्कल पुरी झाली. "बाई बोलंल आता!" म्हणत गफूरभाईने कोरा कॅनव्हास लावला. "हां, आता आमच्या भाभीला बोलवा."

भगवानरावांनी कपाळ काढलं, ते डच बाईचं झालं. पुसलं. डोळे काढले, तेही तिचेच. असे तीन रविवार गेले.

"शिकलो तेच चुकलं," ते कोळसा खाली ठेवत म्हणाले. "होती तेवढीही गेली."

गफूरभाई ब्रश पुसता पुसता थांबला. "नक्कल तर समोर बघून केली. भाभीला समोर कधी बघितलं, गुरुजी?"

भगवानराव बोटांना लागलेला कोळसा पुसू लागले. सुट्टीला गावी जावं तर ओसरीवर वडील, चुलीपाशी आई. थोरांदेखत बायकोकडे बघणं त्या घरच्या रीतीत बसत नव्हतं. थोरं गेली तोवर दोघांची सवय मोडली होती. भगवानराव पुस्तक उघडून बसत आणि ती भाकरी थापायला वळली की मगच पुस्तकाच्या वरून बघत.

"चुलीपाशी," ते हळूच म्हणाले. "मागून."

"मंग तसंच दिसतंय का?"

दिसत होतं. धगीने मानेवर घसरलेला पदर, कानामागची सुटलेली बट, थापताना हलणारा खांदा, जाळाकडची गालाची कड. डच बाईच्या गालावर उजेड कसा वळतो, ते हाताला आता ठाऊक होतं.

दिवाळीच्या तोंडावर चित्र झालं. शिकवणीवाले भीमाशंकर सर पाटी न्यायला आले, ते चित्रापाशी थबकले. "कोण ह्या? अन् तोंड तिकडं का?"

"लाजतात," गफूरभाई म्हणाला.

"ती नाही. मी लाजायचो," भगवानराव म्हणाले.

रंग ओला होता. चित्र आज नेता येणार नव्हतं. एसटीला तासभर अवकाश होता. त्यांनी स्टूल जवळ ओढलं. पिशवीतलं पुस्तक पिशवीतच राहू दिलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ते तिच्याकडे बघत बसले.