आठपैकी आठ

"वहिनी, तेजश्री दोन महिने झाले गोळ्या न्यायला आली नाही. बघा जरा."

मेडिकलवाल्या उज्ज्वलानं मला हे पोळ्याच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी तापाचं औषध घेत होते आणि माझी सव्वा वर्षाची लेक काउंटरवरच्या गोळ्या-चॉकलेटच्या बरणीला झोंबत होती. मी म्हटलं, "केजला कॉलेजला जाते ना, तिकडूनच आणत असेल." उज्ज्वला म्हणाली, "असेल." मी लेकीच्या हातातून बरणी सोडवली आणि घरी आले. बी.एस्सी. झालेली बाई मी. लेकीचं अंग जरा गरम लागलं तर तासातासाला थर्मामीटर लावणारी. आणि सख्ख्या नणंदेच्या औषधाबद्दल 'आणत असेल' म्हणून मोकळी झाले.

तेजश्रीला नववीत असताना फिट यायच्या. डॉक्टरांनी रोजच्या दोन गोळ्या सुरू केल्या, त्यानंतर चार वर्षांत एकही नाही. आता ती एकोणीस वर्षांची आहे, स्कूटीवर कॉलेजला जाते, आणि फुटबॉलचं तिला भयंकर वेड आहे. खेळण्याचं नाही, अंदाजांचं. आमच्या भागात आठ गावांची लीग आहे. दसऱ्यानंतर सुरू होते, होळीपर्यंत चालते. सुरू होण्याआधी प्रत्येक शौकीन यंदा पहिलं कोण, आठवं कोण, सगळा क्रम चिठ्ठीवर लिहितो आणि चिठ्ठी मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत टाकतो. आमचे निवृत्त हेडमास्तर मोहनराव त्या पेटीला कुलूप लावतात, कुलपावर लाखेची मोहर करतात आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवतात. होळीनंतर पेटी उघडते. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा, त्याला फेटा आणि नारळ.

गेल्या होळीला तेजश्रीचे आठपैकी सहा बरोबर आले. फेटा तिचाच होता. तेवढ्यात मोहनरावांनी शेवटची चिठ्ठी उघडली. आठपैकी आठ! वर अंतिम सामन्याचा निकालसुद्धा. खाली नाव, धर्मराज.

धर्मराज म्हणजे मैदानावर फक्कीच्या, म्हणजे पांढऱ्या भुकटीच्या, रेघा ओढणारा, जाळ्या शिवणारा, शेडची राखण करणारा माणूस. होळीच्या दुसऱ्या दिवशी तो महाराज झाला.

यंदा चिठ्ठ्या टाकायच्या रविवारी मैदानावर दोनेकशे माणूस होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना चेंडू लाथेनं मारतात की हातानं हेही माहीत नसावं. कुणी पोटदुखी घेऊन आलेलं, कुणी लग्न न ठरणारी मुलगी. शेडच्या दारात खुर्चीवर धर्मराज, गळ्यात रुद्राक्ष आणि शिट्टी. शेजारच्या घमेल्यात मैदानावरची फक्की, तीच आता अंगारा.

"चेंडू गोल, पृथ्वी गोल, कर्म गोल!" तो सांगत होता. "जो गोलात बघंल त्याला समदं दिसंल. बोल मावशे."

भिवराबाई पुढं झाल्या. "महाराज, गुडघं लई धरत्यात."

"गुडघं न्हाई धरत मावशे, तुझं नशीब ऑफसाईड झालंय. पाच रविवार फक्की लाव. शनीनं पिवळं कार्ड दाखिवलंय, लाल दाखवायच्या आत ये." आणि त्यानं शिट्टी फुंकली. म्हातारीनं हात जोडले. मला हसू आलं, आणि लगेच जिरलं, कारण रांगेत तिच्या मागे तेजश्री उभी होती.

धर्मराजनं तिच्या कपाळाला फक्की लावली. "तुझं नाव मी चिठ्ठीत लिवलंय, पोरी. हितून होळीपतूर एक बी झटका न्हाई. पर गोळी पोटात गेली की कौल फिरला. येकतर गोळी, न्हाईतर चिठ्ठी."

तेवढ्यात मोहनरावांनी हाक दिली, "कुणाची चिठ्ठी राहिली?" तेजश्रीनं मला पुढं ढकललं. "वहिनी, तू पण टाक." मला लीगमधलं फारसं कळत नाही, डोक्यात तर फक्त 'येकतर गोळी' घुमत होतं. "मी नुसता पहिल्या सामन्याचा लिहिते," म्हणाले. लोक हसले. मी काहीतरी खरडलं आणि टाकलं. कुलूप लागलं, लाख ओतली गेली.

घरी येऊन तिची पर्स तपासली. गोळ्यांचं पाकीट जुनंच होतं. विचारलं तेव्हा कबूल झाली: आधी कितीतरी दिवस अधूनमधून चुकवत होती, आणि तीन आठवड्यांपासून एकही गोळी फोडलेली नव्हती.

"तुला काय वेड लागलंय का तेजू?"

"मला? वहिनी, मी सहा वर्षं अंदाज लिहिते. कोण जखमी आहे, कुणाचा गोलकीपर पुण्याला कंपनीत गेला, सगळं बघून लिहिते. तरी सहाच आले. आठ टीमचा क्रम चाळीस हजार तीनशे वीस प्रकारे लागतो. मांडून बघितलंय मी. आठ येणं काय असतं ते या गावात फक्त मला माहीत आहे."

तिचं गणित बरोबर होतं. गावातले बाकीचे अडाणीपणानं त्याच्या नादी लागले होते, ही हिशेब करून लागली होती.

मी तिच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ही औषधं अशी एकदम तोडणं फार धोक्याचं असतं, तिला लगेच घेऊन या, आणि तोवर गाडी नको, विहीर नको, चुलीपाशी एकटी नको. तेजश्री म्हणाली, "आधी चिठ्ठी खोटी ठरव. मग येते." मी स्कूटीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. आमचे हे चाकणला कंपनीत, फोनवर म्हणाले, "रागावू नको तिला, समजुतीनं घे." समजुतीनं! दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातातला चहाचा कप एकदम उडाला. हात असा झटकला गेला, जणू कुणी खालून ढकलला. "निसटला," ती म्हणाली. फिट यायच्या दिवसांतही तिची सकाळ अशीच सुरू व्हायची, हे मला सासूबाईंनीच कधीतरी सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या.

माझ्या सासूबाई सिंधुबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, धर्मराजच्या भक्त. पोरीच्या गोळ्या सुटल्या याचा त्यांना आनंदच झाला होता. "जल्मभर का गोळ्याच खायच्या तिनं? सोयरिकीला लोकं काय म्हणतील?"

गुरुवारी लेकीला थंडी वाजायला लागली म्हणून स्वेटर काढायला गेले, तर ट्रंकेची किल्ली नाही. लेकीनं ती कुठंतरी भिरकावली होती. मी वरवंटा आणला आणि कुलपावर एक घाव घातला.

"अगं, कुलपाला कावून मारायलीस?" आत्या आल्या. "सरक." त्यांनी ट्रंक फिरवली, मागच्या बिजागरीतल्या तारेला खिळा लावला, वरवंट्यानं दोन टोले दिले, तार बाहेर. दुसरी तार बाहेर. झाकण मागून उचललं, कुलूप पुढं तसंच लटकलेलं. "चौदा वर्सं ऊस तोडला मी. बैलगाडीत किल्ली हरवली तर काय हप्ताभर एकाच लुगड्यावर ऱ्हायाचं? समद्या बायांना येतंय हे."

मी स्वेटर हातात घेऊन तशीच बसले. "आत्या, मंडळाची पेटी कसली आहे?"

"पत्र्याची."

"आणि असते कुठं?"

"शेडात. धर्मराज म्हाराजाच्या..." त्या थांबल्या. हातातल्या खिळ्याकडे बघितलं. मग एकदम चिडून म्हणाल्या, "कुलूप हाय, लाख हाय, मास्तरची मोहर हाय तिला! देवाच्या पेटीला कोन खिळा लावील?"

"न लावला असेल तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवीन. रविवारी माझ्याबरोबर चला, एवढंच."

तीन दिवस मी तेजश्रीच्या मागे सावलीसारखी फिरले. ती न्हाणीत गेली की दाराबाहेर उभी. तिनं शिव्या घातल्या. घालू दे.

रविवारी चार वाजता पहिला सामना झाला, आमचं गाव आणि तलवाडा. सामना गमतीचा झाला. आम्ही तीन-दोनने जिंकलो, पण तलवाड्याचा दुसरा गोल आमच्याच बजरंगनं आमच्याच जाळ्यात मारला, आणि मध्येच एक कुत्रं चेंडूमागे धावल्यानं खेळ थांबला. शिट्टी झाल्याबरोबर पोरं मैदानात नाचायला पळाली. माझी लेक रडायला लागली. खरंच भुकेली होती, त्यात काही नाटक नव्हतं.

"बाळाला पाजायचंय," मी म्हटलं. मैदानावर आडोसा म्हणाल तर ते एक शेड. धर्मराजला दारातून उठावंच लागलं. आत्यांनी दार लोटलं. बाहेर तो घुटमळत होता.

"लई येळ लागंल का?"

"लेकरू पितंय!" आतून आत्या ओरडल्या. "लाजा न्हाईत का?"

पेटी जाळ्यांच्या ढिगावर होती. माझा एक हात लेकीखाली, म्हणून मी आत्यांना म्हटलं, "तुम्ही बघा." त्यांनी कमरेचा खिळा काढला, पेटी फिरवली आणि तारेला बोट लावलं. खिळ्याची गरजच पडली नाही. तार बोटानं सरकली.

आत्यांनी बोट नाकाशी नेलं. मग हळूच म्हणाल्या, "हिला तर तेल लावलंय गं."

बाकी पेटी गंजलेली, आणि दोन तारा तेवढ्या चकचकीत. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. त्यांनीच झाकण उचललं, माझी जुनी चिठ्ठी शोधून दिली. मी मांडीवर नवी लिहिली. तारा परत सरकवल्या. लेकीचं पोट भरायच्या आत सगळं संपलं होतं.

बाहेर येऊन मी मोहनरावांना म्हटलं, "गुरुजी, माझी चिठ्ठी आजच्या सामन्याचीच होती. बघता का?"

"पेटी होळीशिवाय उघडत न्हाई!" धर्मराज.

"बघू द्या की राव, वहिनीचा अंदाज!" पोरं ओरडली. मोहनरावांनी लाख तपासली. अभंग. गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं आणि माझी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "आपण तीन, तलवाडा दोन. त्यांचा दुसरा गोल बजरंगच्या पायानं. आणि मैदानात एक कुत्रं येईल."

मग बजरंग कळवळून म्हणाला, "वहिनी, माझंच तेवढं कावून लिवलं?" आणि भिवराबाई पुढं होऊन माझ्या पायावर वाकल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी. मी पाय मागे घेतले. महाराज व्हायला एवढंच लागतं. एका मिनिटाचं काम आहे.

"उठा मावशी! मला काही दिसत नाही. आत्या, दाखवा."

आत्या पुढं आल्या. पदर खोचला. पेटी सगळ्यांकडे पाठ करून ठेवली. मोहनरावांना म्हणाल्या, "मास्तर, लावा तुमचं कुलूप." त्यांनी लावलं. आत्यांनी दोन बोटांनी दोन तारा ओढल्या आणि झाकण मागून उघडलं. कुलूप जागच्या जागी.

"तुमी समदे फुडं बघत व्हता," त्या म्हणाल्या. "मी बी."

मी सांगितलं, "चिठ्ठी आधी लिहिलेली नव्हती. सामना बघून लिहिली, मग आत टाकली. धर्मराजभाऊंनी होळीच्या आधी तेच केलं. शेडमध्ये तेच राहतात."

"ही मायाच हाय!" धर्मराज ओरडला. "तार ढिली व्हनं ही बी त्याचीच लीला! चेंडू गोल..."

"तेल कुणाचं, म्हाराज?" आत्यांनी विचारलं. "लीलेचं का तुमच्या डोक्याचं?" हशा पिकला आणि त्याचं बोलणं त्यात बुडालं. मोहनराव मात्र हसले नाहीत. गळ्यातल्या दोऱ्याकडे बघत होते. "झोपेतसुद्धा काढली नाही मी ही," एवढंच म्हणाले. त्यांच्या प्रामाणिकपणावरच तर सगळा चमत्कार उभा होता.

तेजश्रीनं धर्मराजकडे पाहिलंही नाही. वही उघडली, गेल्या वर्षीचं पान काढलं, त्याच्या नावावर काट मारली. "मग सहा सगळ्यांत जास्त होते," ती म्हणाली. "फेटा माझा होता." डोळे भरले होते. चाळीस हजार प्रकार तिनं मोजले, पण चिठ्ठी पेटीत गेली कधी, हे विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी मात्रा नव्याने लिहून दिली. गोळी ती आता आत्यांच्या समोर घेते, आत्याच हातावर पाणी देतात.

तरी मला स्वस्थता नाही. जाताना भिवराबाई कानात म्हणाल्या होत्या, "समदं खरं बाई, पर कुत्रं कसं कळलं तुला?" धर्मराज गाव सोडून गेला आहे. कुणी म्हणतं आष्टीकडे दिसला. शिट्टी त्याच्याकडेच आहे, पेट्या सगळीकडे मिळतात. आणि त्या रांगेत आणखी किती जणांना त्यानं 'येकतर गोळी, न्हाईतर चिठ्ठी' सांगितलं, ते मला माहीत नाही.

कुणी भविष्य सांगून थक्क केलं तर थक्क व्हा, पण मग विचारा: हे लिहिलं कधी, ठेवलं कुठं, आणि तिथं कुणाचा हात पोचत होता? कुलूप मजबूत आहे ना, एवढं बघून परत फिरू नका. पेटी फिरवून बघा.

आणि आत्ता, हे वाचून झाल्यावर, एक करा. तुमच्या घरात रोज गोळी घेणारं कुणीतरी असेल. फिटची असेल, साखरेची, बीपीची, टीबीची. 'घेत असेल' म्हणू नका. मी म्हटलं होतं. उठा, त्या माणसापाशी जा आणि गोळ्यांचं पाकीट बघा. शेवटची गोळी कधी फोडली ते विचारा. माणूस चिडेल. चिडू द्या, पण बघा.