सातव्या ओळीचा नळ

छावणीतल्या सातव्या ओळीच्या तोंडाशी असलेले नळकोंडाळे ओव्हरसियर नानांनी स्वतः उभे राहून बांधून घेतले होते. तीस वर्षे त्यांनी एका शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काढली होती. लढाईमुळे घर सोडून हद्द ओलांडावी लागली, तेव्हा त्यांच्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड आणि नट आवळायचे तीन पाने होते. मुलगा पहाटेच रस्त्याच्या कामावर जाई. खोपटात सून आणि चार वर्षांची नात चिमणी. नानांचा सारा दिवस नळापाशी जाई. रोज सकाळी पहिल्या धारेचे पाणी ते काचेच्या नळीत घेत, त्यात औषधाची गोळी टाकत, नळी हलवत आणि पाण्याला चढलेला गुलाबी रंग छापील पट्टीशी ताडून पाहत. रंग जुळला, म्हणजे पाण्यात जंतू मारण्यापुरते क्लोरीन आहे. आकडा वहीत चढला की मगच रांगेला परवानगी. या शिस्तीत आजवर खाडा नव्हता.

तरीही सातव्या ओळीतली मुले जुलाबांनी आडवी पडू लागली. आठ दिवसांत अकरा मुले उपचारांच्या तंबूत गेली. अकरावी चिमणी.

मंगळवारी छावणीचे अधिकारी आले आणि नळाकडे बोट दाखवून म्हणाले, "नाना, तुमच्या वहीवर माझा विश्वास आहे, पण मुलं याच नळाची आजारी पडताहेत. शनिवारी सकाळी नवा रुग्ण दिसला, तर हा नळ बंद. मग सातव्या ओळीनं पाणी फाटकावरच्या नळावरून आणायचं."

फाटक अर्ध्या तासाच्या वाटेवर होते. सातव्या ओळीत म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बायाच अधिक. इतक्या लांबून वाहून आणायचे म्हटल्यावर माणूस आधी हात धुण्यात काटकसर करणार, मग भांडी धुण्यात. नळ बंद होणे म्हणजे आजाराला घर मोकळे करून देणे, हे नानांना स्वच्छ दिसत होते. पण दोष सापडत नव्हता. त्यांनी सारे जोड उकलले, वॉशर बदलले, टाकीत उतरून तळ घासला. रंग गुलाबीच येत राहिला.

बुधवारी सकाळी खांद्याला कापडी पिशवी अडकवून साबणताई आली. हे नाव पोरांनी ठेवलेले. मूळची ती शिंपीण. छावणीत आल्यावर दहा दिवसांचे शिक्षण घेऊन आरोग्यसेविका झालेली. दहा दिवसांत माणूस काय शिकणार, असे नानांचे मत होते आणि ते त्यांनी कधी लपवलेही नव्हते.

"नाना, तुमची ती गुलाबी नळी घेऊन जरा माझ्याबरोबर येता?"

"कुठे?"

"पाण्याच्या मागे मागे."

"पाणी इथे आहे. इथे मी तपासलंय."

"तपासलंत हो. पण नळाला तोंड लावून पितं कोण?"

रांगेतला बेकरीवाला हसला. "जा की नाना! नव्या नवरीला सासरी धाडल्यासारखं काय तोंड करताय?"

नाना निघाले. चालता चालता ते तिचे काम पाहू लागले आणि पाहताना त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली. संडासांच्या रांगेपाशी तिने खांबाला एक डबा टांगला होता. त्याच्या बुडाला खिळ्याने भोक पाडून त्यात काडी खोचलेली होती. काडी ओढली की बोटाएवढी धार येई आणि पेलाभर पाण्यात दोन माणसांचे हात धुऊन होत. साबण जुन्या मोज्यात घालून शेजारीच बांधलेला, म्हणजे तो चिखलात पडत नाही आणि कोणाच्या खिशातही जात नाही. शहराच्या खात्यात असा डबा काढायला तीन बैठका लागल्या असत्या, हे नानांनी मनाशी कबूल केले.

"हात धुता का?" असे ती कोणालाच विचारत नव्हती. ती विचारी, "साबण केवढा उरलाय गं?" वडी पुढे आली की अंगाचे माप घ्यावे तशी एक नजर टाकी आणि त्या घरात दिवसातून किती वेळा हात धुतले जातात ते ओळखी. एका बाईने कोरी करकरीत वडी दाखवली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ही काय रुखवतात मांडायची आहे?" बाई हसली आणि तिथेच कागद फाडून वडी बाहेर काढली.

ओळीच्या पहिल्या खोपटापासून सुरुवात होईल असे नानांना वाटले होते. ताई थेट चौदाव्या खोपटापाशी थांबली. ते नानांचेच होते.

सून लगबगीने उठली. कोपऱ्यात रुंद तोंडाचे पातेले भरलेले होते. नानांनी त्यातले पाणी नळीत घेतले, गोळी टाकली, नळी हलवली. गोळी विरघळली, पाण्याने रंग धरला नाही. त्यांनी दुसरी गोळी टाकून पाहिली. पाणी तसेच, काचेसारखे.

"सकाळी भरलंस का हे?" त्यांनी विचारले.

"काल सकाळचं आहे, बाबा."

"पातेल्याला झाकण नाही का गं?" ताईने विचारले.

"आहे की. ते काय, खिळ्याला लटकतंय."

"मग घालत का नाहीस?"

सुनेने एकदा ताईकडे पाहिले, एकदा सासऱ्यांकडे. मग मान खाली घालून ती म्हणाली, "बाबांनीच सांगितलं होतं ना... रात्रभर उघडं ठेवा म्हणून."

नाना खाटेच्या कडेवर बसले.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून लोक कुरकुरू लागले होते. काहीजण तर ओढ्याचे पाणी आणू लागले होते. त्यांना परत नळाकडे वळवायचे म्हणून नानांनी एक युक्ती सांगितली. शहरात ज्यांच्या घरी माशांच्या काचेच्या टाक्या असत, त्यांना ते हीच सांगत: पाणी रात्रभर उघडे ठेवा, वास उडून जाईल. शास्त्राप्रमाणे ते अचूक होते. वास उडत होता. आणि वासाबरोबर क्लोरीनही. त्यानंतर त्या उघड्या पातेल्यात दिवसभर पोरांचे हात बुडत होते. हे ज्याला सगळ्यांत आधी सुचायला हवे होते, त्यालाच ते सुचले नव्हते.

त्यांनी मान वर केली. "तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं."

"काल सहा घरं फिरले. सहाही घरांत एकच उत्तर आलं."

"मग नळावरच का नाही सांगितलंत?"

"नळावर पन्नास माणसं असतात, नाना. इथं घरचीच आहेत." ताई पिशवी खांद्यावर घेत म्हणाली, "आणि तुमच्या शब्दापुढे शिंपिणीचा शब्द कोण धरणार? ते शब्द तुमचे आहेत. उसवायचे तर तुम्हीच."

नानांनी पातेले उचलून बरेचसे पाणी दाराबाहेर ओतले, तळाशी उरलेले एका तांब्यात घेतले आणि ते नळाकडे चालू लागले. कोंडाळ्याच्या कट्ट्यावर चढून त्यांनी रांग थांबवली. एका नळीत नळाचे पाणी घेतले, दुसरीत तांब्यातले. दोन्हींत गोळ्या टाकल्या. एक गुलाबी झाली, एक कोरी राहिली. दोन्ही उंच धरून ते म्हणाले, "ही नळातली. ही माझ्या घरातली. भांडी उघडी ठेवा असं तुम्हाला मी सांगितलं. ते चुकलं. पोरं नळामुळे नाही, माझ्या सांगण्यामुळे आजारी पडली. माझी नातही."

एका बाईने डोळे पुसले. तिचा धाकटा अजून तंबूत होता. ती नानांकडे पाहतच राहिली आणि नानांनीही नजर चुकवली नाही.

शेवटी बेकरीवाला म्हणाला, "ही माशांच्या टाकीची युक्ती, असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणजे नाना, तीन आठवडे तुम्ही आम्हाला मासे समजलात?"

कोणीतरी हसले, मग दोघे-तिघे. ती डोळे पुसणारी बाईही ओठ दाबून म्हणाली, "मग आता वासाचं काय करायचं? प्यायचा तसाच?"

आता ताई पुढे आली. "वास येतोय तोवर राखणदार जागा आहे असं समजा. भरल्या भरल्या झाकण लावायचं. हात बुडवायचा नाही, दांड्याचा डाव घ्यायचा. आणि आधी पाणी न्यायचे हे कॅन धुवायचे. आतून बुळबुळीत झालेत सगळे."

तिने मूठभर बारीक खडे आणि थोडे पाणी एका कॅनमध्ये घालून तो दोन्ही हातांनी खळखळवला. बाहेर आलेले हिरवट पाणी पाहून लोकांनी नाके मुरडली. दुपारपर्यंत साऱ्या ओळीत खडखडाट चालला होता. बेकरीवाला तर दोन्ही हातांत एकेक कॅन घेऊन नाचत होता.

गुरुवारी तीन नवे रुग्ण आले, शुक्रवारी एक. शुक्रवारीच चिमणी घरी परतली आणि आल्या आल्या भाकर मागू लागली. शनिवारी सकाळी अधिकाऱ्यांनी तंबूतले रजिस्टर नळापाशी आणून उघडले. सातव्या ओळीचा रकाना कोरा होता.

"नळ चालू राहील," ते म्हणाले. "दोष काय निघाला, नाना?"

"दोष माझा निघाला, साहेब. काढला यांनी," नाना ताईकडे हात करून म्हणाले. "दहा दिवसांच्या शिक्षणावर."

नानांचा जीव भांड्यात पडला होता. पण ताई जागची हलली नाही. "नाना, आठवी ओळ आपण गुरुवारी फिरलो. पण तुमच्या युक्तीला पाय फुटलेत. नवव्या ओळीतही पोचलीय म्हणे, कोणाच्या तरी नणंदेकडून."

"मग उभ्या काय राहिलात? चला."

नवव्या ओळीच्या पहिल्या खोपटात एक आजी बसली होती. नानांना पाहताच तिचा चेहरा उजळला. "या या, ओव्हरसियर! तुमचीच आठवण काढत होते. काय गुणाची युक्ती हो तुमची! रात्रभर उघडं ठेवते, वास म्हणून येत नाही!"

नानांनी ताईकडे पाहिले. ताई छपराची दोरी कशी बांधली आहे ते मोठ्या निगुतीने पाहत होती.

नाना आजीसमोर उकिडवे बसले. "आजी," ते म्हणाले, "ती युक्ती माझी चुकली. झाकण कुठं ठेवलंयत?"