मुहूर्ताची बंडी

"नंबर टाका म्हणते हे," फाटकाजवळच्या खोलीच्या खिडकीतून गुंजन ओरडली. "बंडीले कुठचा नंबर असते, ताई?"

आकांक्षा धावत खिडकीशी आली.

सेलूच्या रूपरावांच्या जिनिंग कारखान्यात आज कापसाचा मुहूर्त होता. हंगामभर कापूस ट्रॅक्टरनं, पिकअपनं येतो. पण पहिला कापूस बैलबंडीनंच आत यायचा, ही रूपरावांच्या वडिलांपासूनची रीत. शेतकरी मीराबाईंची बंडी फाटकात उभी होती. बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा. रूपराव शेला-नारळ घेऊन ताटकळले होते आणि त्यांच्यामागे आसपासच्या जिनिंगांचे मालक. फाटकातच कापसाची आवक-पावती काढणारं आकांक्षाचं सॉफ्टवेअर इथं चाललं तर तेही घेणार होते. नाही चाललं, तर नालवाडीतल्या तिच्या दोन खोल्यांच्या कंपनीला कुलूप लावायची वेळ होती.

आणि ते पहिल्याच गाडीला अडलं होतं. गाडीचा नंबर भरल्याशिवाय पावती निघायचीच नाही, हा नियम तिनंच ऐटीत लिहिला होता. त्यासाठी पुण्यातल्या जाणकारांचं डोकं खाल्लं होतं. लहानपण ज्या बंडीत गेलं, ती मात्र आठवली नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

रूपराव जवळ आले. "टाक ना कोणताबी. तुह्या स्कूटीचा टाक."

"नाई काका. पहिलीच पावती खोटी नाई करत."

"मंग तिकडे ये अन् लोकायले सांग काय झालं ते. पाहून राह्यले सारे."

आकांक्षाचा हात सवयीनं लॅपटॉपकडे गेला होता. कंपनी निघाल्यापासून चालू सॉफ्टवेअरला तिच्याशिवाय कोणी बोट लावलं नव्हतं. तापानं फणफणलेली असतानाही तिनंच लावलं. गुंजन हुशार होती, वर्षभर सोबत होती. पण तिच्याकडे द्यायला आकांक्षाचा जीव धजत नसे. आज मात्र एकाच वेळी दोन ठिकाणी उभं राहता येणार नव्हतं.

तिनं लॅपटॉप गुंजनपुढे सरकवला. "तू कर."

"मी? चालूमदे?"

"तूच."

पाहुण्यांसमोर जाताना नेटवर्कचं कारण अगदी जिभेवर आलं होतं. पूर्वी ते सुटलंही असतं. "बंडी माह्या ध्यानातच आली नाई," ती म्हणाली. "चूक माही हाय. गुंजन दुरुस्त करून राह्यली."

"नालवाडीची पोरगी अन् बंडी विसरली!" एक मालक म्हणाले आणि सगळे हसले. तिलाही हसू आलं.

तेवढ्यात ताशा कडाडला नि बैल बिचकले. "धर व माय कासरा," मीराबाई म्हणाल्या, "मी समोरून गोंजारतो त्याईले. येते काय तुले?"

"येते, काकू. बाबाची बंडी हाकलेली हाय मी."

कासरा ताणला की बैल आणखी उधळतो, हे तिच्या हातांना अजून ठाऊक होतं. तिनं तो ढिला सोडला. डोळे मात्र खिडकीवरच खिळलेले. गुंजनची मान खाली होती आणि आकांक्षाची बोटं उगाच कासऱ्यावर चाळवत होती.

"ताई, एकदा पाहून घेता?"

तिचं पाऊल उचललं गेलंच. मग ती थांबली. "तू पाह्यलं ना नीट?"

"हो."

"मंग कर सुरू."

पावती निघाली. वाहन: बैलबंडी. मालक: मीराबाई. रूपरावांनी नारळ फोडला, मीराबाईंच्या खांद्यावर शेला घातला. "कापूस माहा, पावती बी माह्या नावाची," म्हणत मीराबाईंनी ती कपाळाला लावून पदरात बांधली.

"मुहूर्ताले बंडी आमच्याकडंबी येते," मघाचे मालक आकांक्षाला म्हणाले. "कवा येता हे सॉफ्टवेअर बसवाले?"

"गुंजनले विचारा," ती म्हणाली. "तेच येईन."

ते खिडकीकडे वळले. बंडी वजनकाट्याकडे निघाली. मीराबाई शेला सावरत पुढे चालल्या होत्या, त्यामुळे कासरा आकांक्षाच्याच हातात राहिला. मागून त्या मालकांचा आवाज आला, "मॅडम, जरा बोलाचं होतं."

आकांक्षानं सवयीनं मान वळवली. ते गुंजनशी बोलत होते. तिला जरासं चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं, आणि बरंही वाटलं. मग ती बैलांच्या चालीनं चालू लागली.