वजा केलेली नळी

सरांनी जुन्या मोजणीतून रिकामी नळी पुन्हा वजा केली, या वेळी पातळ काचेची, आणि पडद्यावरच्या सपाट रेषेत मधोमध एक उंचवटा वर आला.

रीत तशी साधी. आधी रिकाम्या काचेच्या नळीतून क्ष-किरण सोडायचे, मग तसल्याच नळीत जेल, म्हणजे थलथलीत घट्ट द्रव, भरून. किरण अगदी किंचित विखुरतात, त्यावरून आतली रचना कळते. काचेचा वाटा वजा केला की उरतं ते जेलचं. सहा वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या मोजणीतून सरांनी भलतीच, जाड काचेची नळी वजा केली होती. काचेबरोबर जेलही पुसलं गेलं. "यात काही नाही. तुझा हातच स्वच्छ नाही," असं त्यांनी तिला सगळ्यांदेखत सुनावलं. महिन्याभरात ती संशोधन सोडून गेली. सरांचं गणित चुकत नाही, असं प्रयोगशाळेत सगळे म्हणत. सर स्वतः जरा जास्तच मोठ्याने.

त्यांनी तिचा नंबर शोधून फोन लावला.

"अगं, तुझं जेल बरोबर होतं. नळी चुकली. माझ्याकडून, नकळत."

पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"सर, त्या वर्षीची नोंदवही आहे का अजून?"

"आहे की. का?"

"नळी जाड वाटते, असं मी त्यात लिहिलं होतं बहुतेक. पण आता खात्रीच राहिली नाही. खरंच लिहिलं होतं, की नंतर मीच मनाची समजूत घातली?"

सरांनी कपाटातून वही काढली, तारीख शोधली. पेन्सिलीतलं बारीक अक्षर: 'वजा केलेली नळी जाड असावी. पुन्हा मोजू का?' त्याखाली लाल शाईत दोन शब्द आणि ऐटबाज सही. मघाशी किती सहज 'नकळत' म्हणालो, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सापडलं का, सर?"

त्यांनी लाल शाईवर अंगठा ठेवला, जणू तिला तिकडून दिसणार होतं.

"तू लिहिलं होतंस."

"तुम्ही वाचलं होतं?"

अंगठा बाजूला झाला.

"वाचलं होतं. खाली 'गरज नाही' लिहून सही केली होती."

पलीकडे एक भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे मी लिहिलं होतं."