समुद्रपुरातलं खारं पाणी

प्रेमदास थूल समुद्रपूरच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. दिवाळीनंतर बैलगाड्यांच्या रांगा लागत. कापूस हातात घ्यायचा, बोटांनी धागा ओढून पाहायचा, प्रत सांगायची आणि वर शेतकऱ्यांची बोलणी खायची, असं होळीपर्यंत चाले. मग केंद्र बंद. आवारात सरकीचा वास आणि एका खोलीत प्रेमदास, एवढंच उरे.

त्याची बायको अन्नपूर्णा आष्टीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. समुद्रपूर हे जिल्ह्याच्या एका टोकाला, आष्टी दुसऱ्या. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली आणि आठव्या महिन्यात तापानं गेली. त्यानंतर अन्नपूर्णेनं आष्टीला बदली मागायचं काढलं. प्रेमदास "माग" एवढंच म्हणाला. पुढं दोघांच्या भेटी सणावारी होऊ लागल्या, आणि ब्याऐंशीच्या त्या हंगामात तर दिवाळीनंतर तो आष्टीला गेलाच नाही. रविवारीसुद्धा माप चालू असतं, असं तो स्वतःलाच सांगायचा.

खोलीत सोबतीला लोखंडी चौकटीची एक जुनी काचटाकी होती. तीत गप्पी आणि काळ्या मॉल्या असे छोटे मासे. संध्याकाळी दार उघडलं की त्या काचेपाशी गोळा होत. प्रेमदास त्यांच्याशी बोलत नसे, पण चपला काढायच्या आधी त्यांना खाणं टाकी.

होळीनंतर माशांचं खाणं आणायला तो नागपूरला गेला. सीताबर्डीवरच्या भैय्याजींच्या दुकानात त्याला एका टाकीत निळा मासा दिसला. बोटभर लांब, शेपटी पिवळी, अंगाचा रंग निळीच्या वडीसारखा. तो थबकलाच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दोघं मद्रासला गेले होते, तिथल्या मत्स्यालयात अन्नपूर्णेनं असाच मासा पाहिला होता. काचेला नाक लावून ती म्हणाली होती, "हा घरी असता तं मी पोया कराच्याच विसरली असती."

"भैय्याजी, हा आपल्याकडं जगंन काय?"

"समुद्राचा आहे साहेब. लोखंडाची टाकी चालत नाई. खार लोखंड खाते आन् गंज माशाले मारते. काचेले काच चिकटवलेली टाकी लागंन."

"आन् पाणी? मीठ टाकलं तं?"

भैय्याजी हसले. "मिठानं भाजी होते, समुद्र होत नाई. पाणी समुद्राचंच पाहिजे. आन् पाणी आणलं का लगेच मासा नका टाकू. तुमच्या काळ्या मॉल्या हळूहळू खाऱ्यात मुरवा. त्या जगल्या, पाणी मुरलं, का मंग या मी मासा देतो."

मुंबई की मद्रास, असा विचार त्यानं केलाच नाही. भैय्याजींकडूनच नुसत्या काचेची टाकी आणि हवेचा पंप त्यानं घेतला, आणि आठवड्याभरात तो मद्रासच्या गाडीत बसला. कोळ्यांना सांगून होडीतून आत जाऊन त्यानं तीन मोठ्या कॅन भरल्या. परतीच्या गाडीत एका म्हातारीनं कॅनला हात लावून डोळ्यांना लावला. "रामेश्वरम का जल है ना, बेटा?" प्रेमदास नुसता हसला. नाही म्हणायला त्याला जड गेलं.

पाणी पाहायला गावातली माणसं येऊन गेली. दूध सोसायटीचे नत्थूजी म्हणाले, "एवढी वर्षं गावाचं नाव फुकट होतं. आता समुद्र आला." पाण्याचा खार मोजायला काही साधन नव्हतं, तेव्हा नत्थूजींनीच दुधाचा लॅक्टोमीटर दिला. दुधात तो जेवढा बुडायचा, जवळपास तेवढाच समुद्राच्या पाण्यात बुडाला. नत्थूजींना याचं फार नवल वाटलं. "म्हणजे समुद्रात पाणी मिसळलं तं तेही पकडता येते!"

मॉल्यांचं पाणी त्यानं वाटी-वाटीनं बदललं. रोज थोडं गोडं काढायचं, थोडं खारं घालायचं. दोन मेल्या, चार जगल्या. महिन्यानंतर भैय्याजींकडून निळा मासा पिशवीत आला. रबर लावलेली पिशवी प्रेमदासनं बसमध्ये सगळा वेळ मांडीवर धरली होती.

मग वैशाख पेटला. टाकीला ओली गोणपाटं गुंडाळायची, टेबलपंखा टाकीकडं वळवायचा आणि आपण घाम पुसत बसायचं. पाणी आटायला लागलं तशी प्रेमदास उरलेल्या कॅनमधून भर घालू लागला. मासा कोपऱ्यात उभा राहून धापा टाकू लागला. लॅक्टोमीटर पाहतो तर वर आलेला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, उडतं ते पाणी, मीठ मागंच राहतं. त्यानं विहिरीचं गोडं पाणी थोडंथोडं ओतलं. दुसऱ्या दिवशी मासा पुन्हा फिरू लागला. एवढा आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता, आणि सांगायला खोलीत कुणी नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला अन्नपूर्णा आली. गाड्या बदलत, तोंडाला पदर बांधून, धुळीनं माखलेली. प्रेमदासनं तिला पाणी दिलं आणि गोणपाट बाजूला केलं.

ती टाकीसमोर खाली बसली.

"तोच?" तिनं विचारलं.

"तसाच."

पंखा थांबला. लाईन गेली होती. हवेचा पंपही बंद पडला, आणि बुडबुडे थांबताच मासा वर येऊन तोंड उघडू लागला.

"लोटा आण," प्रेमदास म्हणाला. "पाणी वरून सोडत राहा लागते. तवा त्यात हवा मिसळते."

दोघं आळीपाळीनं टाकीतलं पाणी लोट्यात घेऊन उंचावरून सोडू लागले. बाहेर ऊन रणरणत होतं. अन्नपूर्णेच्या कपाळावरून घाम टाकीच्या काठावर पडत होता.

"पाणी कुठून आणलं?"

"मद्रासहून."

तिचा हात थांबला. "तुमी मद्रासले गेलते?"

"हो."

"पाणी आणाले मद्रासले गेलते. आन् आष्टी तं याच जिल्ह्यात आहे."

प्रेमदासनं तिच्या हातातून लोटा घेतला. पाणी पडण्याचा आवाज तेवढा होत राहिला.

"तूच तं गेली," शेवटी तो म्हणाला. "बदली तूनं मागतली."

"मी मागतो म्हणलं, तं तुमी माग म्हणलं. काऊन म्हणून विचारलं नाई. मले वाटलं, माह्यं तोंड पाह्यलं का तुमाले पोरीची याद येते. बरं झालं जाऊन राह्यली, असंच वाटत असंन."

"तसं नोहोतं."

"मंग कसं होतं?"

प्रेमदास लोट्यानं पाणी सोडत राहिला. दिवस कलता कलता लाईन आली. मासा वाचला होता. अन्नपूर्णा दोन दिवस राहिली, स्वयंपाक केला, माशाला खाणं टाकलं, आणि शाळेच्या कामासाठी परत गेली. गाडीत बसताना ती म्हणाली, "येजो म्हणत नाई मी. तुमाले वाटलं तं या."

प्रेमदास जूनमध्ये गेला. मग पोळ्याला गेला. पुढं महिन्यातून एकदा तरी जाऊ लागला. तेव्हा टाकीकडं नत्थूजी पाहत. आष्टीला फार बोलणं व्हायचं असं नाही. अन्नपूर्णा वह्या तपासायची, तो बाजार करून आणायचा. कधी कधी दोघांनाही कुणीतरी दार वाजवावं असं वाटायचं. पण दर खेपेला ती माशाचं विचारायची. खातो का, कोणत्या कोपऱ्यात राहतो, मॉल्यांना त्रास देतो का. तेवढं बोलणं नक्की असायचं.

पुढचा हंगाम सुरू झाला. कडाक्याची थंडी पडली, आणि एका सकाळी मासा तळाशी आडवा पडलेला दिसला. निळा रंग राखेसारखा झाला होता. प्रेमदासनं त्याला हातात घेतलं, मग आवारातल्या बाभळीखाली पुरलं.

रविवारी माप चालू होतं, तरी सुटी टाकून तो आष्टीला गेला. अन्नपूर्णा तांदूळ निवडत होती.

"कसा आहे मासा?"

"गेला."

तिनं सूप खाली ठेवलं. तिचे खांदे हलू लागले. मुलगी गेली तेव्हा बायांच्या गराड्यात ती दगडासारखी बसून होती. प्रेमदासनं तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता ती हुंदके देत रडत होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थोड्या वेळानं त्याचेही डोळे वाहू लागले.

चौकातून आर्वीच्या, म्हणजे प्रेमदासच्या परतीच्या, शेवटच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. दोघांपैकी कुणी उठलं नाही.